कोळसा बंद करा म्हणता, मग आमच्या पोटाचं काय?

"कोळसा बंद झाला तर माह्या घरची चूल कशी पेटन, ते सांगा आधी!" बबलूने असं विचारलं आणि चंद्रपुरात जटपुरा गेटजवळच्या आमच्या कट्ट्यावर चहा निवायला लागला. बबलू खाणीत ठेकेदाराच्या डंपरवर आहे. विषय काढला होता मास्तरांनी. मे महिन्यात पारा ४५-४६ला गेला की त्यांच्या शाळेतल्या मुलांना घेरी येते, म्हणून ते पोटतिडकीने बोलत होते.

मास्तर म्हणाले, "अरे, २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातली अतिप्रदूषित क्षेत्रं जाहीर केली, त्यात आपलं चंद्रपूर होतं. वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर संध्याकाळपर्यंत काळा भुगा बसतो. झटकला तर पसरतो, धुतला तरी कॉलरच्या शिवणीत राहतो. तोच भुगा तुझ्या पोराच्या छातीत जातो."

बबलू गप्प झाला, पण फोरमनकाकांनी त्याची बाजू उचलली. काकांची उभी हयात औष्णिक केंद्रात गेली. "मास्तर, २,९२० मेगावॅटचं केंद्र हाय ते. राज्यातल्या सरकारी केंद्रांत सगळ्यात मोठं. मुंबई-पुण्याचे एसी आपल्या राखेवर चालतात. सौर वीज स्वस्त हाय, मान्य. २०१७ मध्ये राजस्थानात भडल्याच्या सौर प्रकल्पाचा दर युनिटला २ रुपये ४४ पैसे निघाला, तेव्हा आम्हीसुद्धा चमकलो होतो. पण रात्री आठ वाजता सारं राज्य दिवे लावते, तेव्हा सूर्य कुठून आणता? देशाची निम्मी स्थापित क्षमता आता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून झाली म्हणतात. क्षमता वेगळी, निर्मिती वेगळी. अजून चारातल्या जवळपास तीन युनिट कोळशाच्याच हायत."

काकांचं हे म्हणणं मला पटतं. बॅटऱ्या आणि पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्प उभे राहीपर्यंत कोळसा राहणार. माझं भांडण वेगळंच आहे. कोळसा आहे तोवर त्यातून निघणारा पैसा उद्याच्या सोयीसाठी बाजूला काढला जातो का?

मी तेच मांडलं. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. २०१६पर्यंत तो ४०० झाला. वर्षाला हजारो कोटी जमायचे. २०१७ला जीएसटी आला आणि तो उपकर जीएसटीने राज्यांचं जे उत्पन्न बुडेल त्याच्या भरपाईकडे वळवला गेला. २०२५च्या सप्टेंबरात तोही गेला आणि कोळशावर सरळ १८ टक्के जीएसटी बसला. कर वसूल होतोच आहे, पण स्वच्छ ऊर्जेचं नाव पुसलं गेलं. खाणीशेजारच्या गावांसाठी त्यात पहिल्यापासूनच काही राखून ठेवलेलं नव्हतं. याचा मला राग येतो.

मास्तर म्हणाले, "जर्मनीने २०२०मध्ये कायदाच केला. २०३८पर्यंत कोळशाची वीज बंद, आणि कोळसा पट्ट्यांसाठी ४० अब्ज युरोपर्यंत मदत. तारीख आणि पैसा सोबतच."

"ते जर्मनी हाय मास्तर," बबलू म्हणाला. "इथं काय होते? काकांच्या केंद्रातले २१० मेगावॅटचे जुने दोन संच बंद झाले. पर्मनंट माणसाची बदली होते. ठेकेदाराच्या माणसाची कुठं बदली होते का? त्याले उद्यापासून येऊ नको म्हणतात, बस!"

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. आपल्याकडे तारखेची घोषणा आहे, २०७०चं नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेऊ, ही ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ला केलेली. ठेकेदारी कामगाराचं नाव मात्र कुठल्याच यादीत नाही. आणि खाण बंद पडली म्हणून जमीन मोकळी होते असंही नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये घुग्गुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीच्या पोटात गेलं. खाली जुनी भूमिगत खाण.

पैसा अगदीच नाही असं नाही. २०१५पासून खाणबाधित भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या खाणपट्ट्यांच्या रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातल्या नव्यांच्या १० टक्के रक्कम त्यात येते. पाणी, आरोग्य, शिक्षण यांवर ती खर्चायची, त्यात कौशल्य प्रशिक्षणही बसतं. माझं ठाम मत आहे की त्यातला ठरावीक वाटा दरवर्षी कोळशानंतरच्या रोजगारासाठी कुलूपबंद ठेवायला हवा. डंपर चालवणाऱ्या हाताला क्रेन, सौर प्रकल्पाची उभारणी, बॅटरी दुरुस्ती हे आजच शिकवा. खाण बंद पडल्यावर रॉयल्टीही आटणार.

"चाळीशी उलटलेल्या माणसाले कोण शिकवते?" बबलूने विचारलं. काका म्हणाले, "मी शिकवतो. वायरिंग तर येते न मले."

मास्तरांनी तिथेच पिशवीतून कागद काढला आणि माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला: गेल्या पाच वर्षांत प्रतिष्ठानकडे किती आले, प्रशिक्षणावर किती गेले, त्यात ठेकेदारी कामगार किती. सही बबलूची हवी, प्रश्न त्याचा आहे, असं त्यांचं म्हणणं. बबलूने पेन हातात घेतला आणि परत ठेवला. "ठेकेदाराले समजलं तर उद्याच गाडीवरून उतरवन."

मग सही मी केली.