5 लिटर सगळ्यांना लागू नाही

लेखात सरसकट 'माणसाच्या अंगात 5 लिटर रक्त असतं' असं लिहिलंय, पण ते साधारण 70 किलोच्या मोठ्या माणसाचं झालं, किलोमागे अंदाजे 70 मिली धरून. नुकत्याच जन्मलेल्या बाळात किलोमागे रक्त उलट जास्त असतं, 80-90 मिली, पण बाळच 3 किलोचं म्हणजे एकूण जेमतेम पाव लिटर, त्यातलं 25 मिली गेलं तरी दहा टक्के गेलं की हो! मोठ्या माणसाला तेवढ्याने काही जाणवणारही नाही. म्हणूनच कमी वजनाच्या बाळाचं तपासणीला रक्त घेताना इतकं जपून घेतात, हे लेखात यायलाच हवं होतं. आणि वजन दुप्पट म्हणून रक्त दुप्पट असंही नसतं, चरबीला स्नायूंपेक्षा रक्तपुरवठा कमी असतो.

अजून एक, प्लीज मोठ्यांचा बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) '18.5 ते 25 म्हणजे नॉर्मल' वाला तक्ता मुलांना लावू नका, त्यांचं वय आणि मुलगा की मुलगी हे धरून ग्रोथ चार्टवर, म्हणजे मुलांच्या वाढीच्या तक्त्यावर, बघतात. पाच-सहा वर्षांच्या निरोगी मुलाचा बीएमआय 15 च्या आसपास असणं अगदी नॉर्मल आहे, तरी 'किती बारीक' म्हणत त्याला बळजबरीने भरवत बसतात, फार वाईट वाटतं बघून.