चालू रनमध्ये हस्तक्षेप : सांगलीच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. पुराच्या सिम्युलेशनवरच्या लेखात मी म्हटलं होतं की, रन म्हणजे संगणकावरचं पुराचं गणित चालू असतानाच त्यातले आकडे बदलता यावेत. त्याखाली तुम्ही लिहिलंत की, चालू रनमध्ये असे आकडे बदलले की तो निकाल पुन्हा कुणालाच काढता येत नाही. त्यापेक्षा गणित रात्री बॅचला लावावं, म्हणजे मधे हात न लावता चालू द्यावं, आणि सकाळी उत्तर बघावं.

पहिला आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहितो. कृष्णेचं पात्र आपण तुकडे करून प्रोसेसरांना वाटून देतो. एकाकडे कराडचा भाग, दुसऱ्याकडे सांगलीचा, आणि शेजारी-शेजारी सीमेवरचं पाणी एमपीआयने (प्रोसेसरांनी एकमेकांना निरोप धाडायच्या पद्धतीने) एकमेकांना कळवत राहतात. अशा वेळी पात्राचा खडबडीतपणा, म्हणजे तळ पाण्याला किती अडवतो तो आकडा, बदलला आणि तो एका प्रोसेसरला आधी, दुसऱ्याला चार टाइम स्टेप (गणितातले वेळेचे छोटे टप्पे) उशिरा कळला, तर तयार होणारी नदी जगात कुठेच नसते. म्हणून सगळ्यांनी एकाच ठरलेल्या स्टेपला बदल लागू करायचा आणि स्टेप, जुना आकडा, नवा आकडा लॉगमध्ये लिहायचा. मग तो लॉग हाही इनपुटच; तो दिला की तोच निकाल पुन्हा काढता येतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या क्युमल्व्ह्स या सॉफ्टवेअरने नव्वदच्या दशकातच विखुरलेल्या प्रोसेसरांकडून एकाच क्षणाचा डेटा गोळा करणं आणि पॅरामीटर बदलणं या दोन्हींची सोय केली होती.

तरीही सगळेच आकडे चालू रनमध्ये बदलण्याजोगे नसतात, हे मी ठामपणे म्हणतो. कोयनेचे दरवाजे खरोखरच पुराच्या मधेच उचलतात, त्यामुळे विसर्ग मधे वाढवणं वास्तवाला धरून आहे. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळीही तशीच. तिच्यावरून आपल्याकडे दर पावसाळ्यात वाद होतो, मग ती बदलून का बघू नये? पण खडबडीतपणा दुपारी तीन वाजता अचानक बदलत नाही. तो चुकलाय असं दिसलं तर रन थांबवून सुरुवातीपासून, नाहीतर तो आकडा जिथून चुकला त्या चेकपॉइंटपासून (मधे साठवून ठेवलेल्या स्थितीपासून) पुन्हा सुरू करावी. तुमचा आक्षेप इथे पूर्ण लागू पडतो.

बॅचबद्दल थोडक्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं; धोक्याची पातळी ४५ आहे. पाणी चढत असताना विसर्गाचा ताजा आकडा हातात आला, तर तो चालू गणितात घालायला सकाळपर्यंत थांबावं, हे मला पटत नाही. आणि गणितातल्या नदीच्या टोकाला दिलेला आकडा चुकीचा टाकलाय हे पहिल्या अर्ध्या तासात पडद्यावर दिसलं, तर क्लस्टरची, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांची, अख्खी रात्र वाचते.

वेग मंदावण्याची भीती असेल तर नवा आकडा आलाय का, हे प्रत्येक स्टेपला विचारू नका; शंभर स्टेपांतून एकदा पुरतं. पडद्यावरही सगळा डेटा नको, पुलापाशी नदीचा एक आडवा छेद पाठवा.

करून बघा, आणि लॉगवरून तीच रन पुन्हा चालवा. प्रोसेसरांची संख्या मात्र तीच ठेवा. ती बदलली की बेरजेचा क्रम बदलतो आणि शेवटचे दशांश हलतात. ते तुमच्या रात्रीच्या बॅचमध्येही घडतं. तरीही आकडे जुळले नाहीत तर लॉगसकट इथेच लिहा, मी बघतो.