‘कोयनेचा भूकंप पचवलाय’ म्हणे!

साताऱ्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. इंग्रजांच्या काळातल्या दगडी चर्चना भूकंपाची भीती नाही, सदुसष्टचा कोयनेचा भूकंप त्यांनी पचवलाय, भिंती दोन-दोन फुटी आहेत. फारच वाटलं तर सिमेंटचा गिलावा मारा, कौलं काढून स्लॅब टाका. लोखंड मात्र नको, वारसा बिघडतो. आमच्या काकांनीही तो ‘जरूर वाचा’ म्हणून पाठवला, तेव्हा लिहायला बसलो.

‘पचवलाय’चं आधी बघू. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे खुद्द कोयना धरणाच्या भिंतीला भेगा पडल्या. धरण उभं राहिलं, पण तेवढ्यावर कुणी निवांत बसलं नाही. मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते बळकट केलं. इटलीत नॉर्चा गावचं संत बेनेडिक्टचं जुनं चर्च २४ ऑगस्ट २०१६ चा भूकंप सोसून उभं होतं. ३० ऑक्टोबरला दुसरा आला आणि दर्शनी भिंत तेवढी राहिली, बाकी बहुतेक सगळं खाली.

आता जाडी. किल्लारीला १९९३ साली माणसं जाडजूड दगडी भिंतींखालीच गाडली गेली. तिथे मातीची जोडणी होती, चर्चना सहसा चुन्याची. हा फरक मान्य. पण अशी जाड भिंत पुष्कळदा एकसंध नसतेच. बाहेर घडीव दगडाचा एक थर, आत दुसरा, मध्ये कपच्यांचा भराव. दोन्ही थरांना शिवणारे आरपार दगड कमी असले की हादऱ्याने थर सुटतात. एका जुन्या चर्चच्या भिंतीवर मी गवंड्याला हातोडी वाजवायला लावली होती. खाली टणटण, खिडकीच्या वर भद्द. ‘पोट सुटलंय हिला,’ तो म्हणाला. ओळंबा लावला, खरंच सुटलं होतं.

शिवाय वाड्यात जागोजाग आडव्या भिंती आधाराला असतात. चर्चचं दालन म्हणजे लांब, उंच, रिकामा डबा. दर्शनी त्रिकोणी भिंत वर मोकळीच, त्यात कुठे कुठे घंटेचं वजन. हादऱ्यात बहुधा तीच आधी बाहेर कलते.

सिमेंट आणि स्लॅब हा उपाय तर रोगापेक्षा वाईट. कडक गिलाव्यामागे ओल कोंडते आणि आतला चुना खिळखिळा होतो. स्लॅबचं वजन वर, आणि हादऱ्याचा जोर वजनाच्या पटीत. १९९७ च्या भूकंपात इटलीतच जुन्या दगडी भिंतींवर बसवलेली काँक्रीटची छपरं घातक ठरली.

आणि लोखंडाने वारसा बिघडतो? युरोपात मध्ययुगापासून कमानी लोखंडी सळ्यांनी ताणून धरल्यात. करायचं ते एवढंच: कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी, भिंतींना जखडायच्या, भरावात चुन्याचं पातळ मिश्रण सोडायचं, समोरासमोरच्या भिंती सळईने बांधायच्या. बाहेरून दिसते ती ताटलीएवढी लोखंडी चकती.