पावडर मारण्याआधी पान उलटून बघा

चवळीच्या वेलावर मुंग्या दिसल्या की नर्सरीवाल्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचा सल्ला एकच असतो: पावडर मारा. पंपात दोन मिली औषध घालून फवारा. मुंग्या तिथं काय करतायत, हे कुणीच विचारत नाही. वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई म्हणून मला या घाईचं मनापासून वाईट वाटतं. बऱ्याचदा आपण झाडानं स्वतः बोलावलेले राखणदार मारत असतो.

चवळीचा फुलांचा दांडा नीट बघा. फुलांच्या मध्ये बारीक गाठी असतात आणि त्यातून गोड थेंब पाझरतो. हा मध फुलातला नाही, त्यामुळं परागीकरणाशी त्याचा संबंध नाही. तो मुंग्यांसाठी आहे. एरंडाच्या देठावर वाटीसारख्या ग्रंथी असतात, कृष्णकमळाच्या देठावर असतात, कपाशीच्या पानाखाली मधल्या शिरेवर असतात. पावसात रस्त्याकडेला माजणारा, आपण भाजी करून खातो तो टाकळा घ्या. खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये खुंटीसारखी ग्रंथी दिसेल. जगभरात अशा वनस्पतींच्या जवळजवळ 4,000 जाती नोंदल्या गेल्यात.

मुंगी मध प्यायला येते आणि वाटेत सापडलेली अंडी, कोवळ्या अळ्या उचलून नेते. मोठ्या किडीला चावून हुसकावते. कपाशीचं पान अळीनं कुरतडलं की त्या पानावरचा मध वाढतो, म्हणजे जिथं हल्ला झाला तिथंच जास्त मुंग्या जमतात. मुंग्या हटवल्या तर पानं जास्त खाल्ली जातात, हे कितीतरी प्रयोगांत दिसलंय. सगळीकडे सारखंच दिसत नाही, हेही खरं. मुंगी कुठली, कीड कुठली यावर बरंच अवलंबून असतं. मध प्यायला पतंगही येतात आणि त्यांच्या अळ्या कपाशी खातात, म्हणून अमेरिकेत मधुग्रंथी नसलेली कपाशी मुद्दाम तयार केली गेली.

याला ‘निसर्गातली मैत्री’ म्हणतात, ते मला पटत नाही. हा रोकडा व्यवहार आहे, आणि म्हणूनच मला तो इतका आवडतो. मध्य अमेरिकेत आपल्या बाभळीच्या नात्यातलं एक झाड आहे, शिंगासारख्या पोकळ काट्यांचं. त्या काट्यांत मुंग्या राहतात, हे निसर्गअभ्यासक टॉमस बेल्टनं 1874 मध्ये लिहून ठेवलं. 1966 मध्ये जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झननं दाखवलं की मुंग्या काढल्या तर किडे त्या झाडाचा फडशा पाडतात. पुढं कळलेली गोष्ट याहून भारी आहे. आपली नेहमीची साखर पचवायला इन्व्हर्टेज नावाचं विकर लागतं. या झाडाच्या मधात साखर आधीच फोडलेली असते, शिवाय मुंगीचं इन्व्हर्टेज बंद पाडणारं प्रथिनही असतं. एकदा तो मध प्यालेल्या मुंगीला दुसरीकडची साखर पचत नाही. उचल घेतलेली ऊसतोड टोळी जशी त्या कारखान्याला बांधली जाते, तशी ती मुंगी त्या झाडाला बांधली जाते.

झाडही उगाच खर्च करत नाही. केनियात हत्ती-जिराफांना कुंपण घालून बाभळींपासून 10 वर्षं दूर ठेवलं. खाणारंच कुणी नाही म्हटल्यावर झाडांनी मध कमी केला, मुंग्यांना राहायचे फुगीर काटेही कमी केले. राखण करणाऱ्या मुंग्या घटल्या, दुसऱ्या जातीनं जागा घेतली आणि तिनं खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना वाव दिला. हत्ती नसूनही झाडं कमी वाढली, जास्त मेली. हा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि वर्गात शिकवताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आता दुसरी बाजू. मुंग्या मध पीत नसून मावा किंवा पिठ्या ढेकूण राखत असतील, तर गोष्ट उलटी. माव्याच्या चिकट गोड विष्ठेसाठी त्या माव्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हाकलतात आणि झाडाचं नुकसान होतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, आधी पान उलटा, शेंडा बघा. मावा असेल तर त्याचा बंदोबस्त करा, पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी बराच मावा पडतो. मावा नसेल आणि मुंग्या गाठींवर, देठावर तोंड लावून बसल्या असतील तर हात मागं घ्या. तिथं मारलेलं औषध मुंग्यांबरोबर अळ्यांवर अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांनाही मारतं, कारण त्याही याच मधावर येतात. मग अळीला रान मोकळं, आणि पुढच्या आठवड्यात आपण पुन्हा औषधाच्या दुकानात.

ज्या घरात मुंग्यांना साखर घालणं पुण्याचं मानतात, त्याच घरात त्यांच्यावर पावडर पडते, हे मला सहन होत नाही. झाड स्वतःची साखर देतंय, ती तरी देऊ द्या.

राधानगरी-दाजीपूरला जाणार असाल तर ऐनाचं पान तोडू नका, नुसतं उलटून बघा. देठाजवळ मधल्या शिरेला लागून दोन ग्रंथी दिसतील. आणि घरात चवळी, एरंड, कृष्णकमळ असेल तर सकाळी फोटो काढून खाली टाका. कुठली मुंगी येते, काळी, लाल की मोठा मुंगळा, तेही लिहा. आपल्या कोल्हापूरच्या बागांतलं हे मला खरंच बघायचंय.