घंटा वाजली, पळा!

मेक्सिको सिटीतल्या आमच्या घरात कामाची वाटणी सरळ आहे. स्पॅनिश लेकीकडे, भाडं आणि बँक बायकोकडे, कचरा माझ्याकडे. कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलं तेव्हा पत्रावर हुद्दा वेगळा लिहिला होता, पण असो.

कचरा खाली ठेवून दिला आणि झालं, असं आमच्या गल्लीत चालत नाही. गाडीच्या पुढे एक माणूस शाळेच्या शिपायासारखी हातातली घंटा बडवत येतो. ती ऐकली की हातातलं काम टाकून पिशवीसकट पळायचं. आम्ही नारवार्ते नावाच्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शहर 2,240 मीटर उंचीवर. कळसूबाई 1,646. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्याही जवळजवळ सहाशे मीटर वर मी रोज कचरा घेऊन धावतो. पहिला महिना खाली पोचल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. स्पॅनिश येत नव्हतंच, त्यामुळे फारसं बिघडलं नाही.

खरी पंचाईत अशी की या शहरात सगळेच काहीतरी वाजवतात. चाकूला धार लावणारा सायकलवरून बासरीवजा पावा फुंकत जातो. सिलिंडरवाला "एल गाऽऽऽस" अशी तान घेतो, ती तिसऱ्या मजल्यावर समेवर येते. एकदा घंटा ऐकून मी धडाधड उतरलो, कोपऱ्यावर ढकलगाडी दिसली, तिच्याकडे झेपावलो. गाडीवाल्याने घाईघाईने झाकण लावलं. तो कुल्फीवाला होता, तिथल्या भाषेत पालेता विकणारा. त्याच्या गाडीला छोट्या घंटा असतात. एका हातात कांद्याची सालं ठिबकत असताना दुसऱ्या हाताने मी तिखट लावलेली आंब्याची पालेता विकत घेतली. न घेऊन सांगतो कुणाला! वर आलो तर बायको म्हणाली, "कचरा परत आणलास?"

मग आई आली, सहा महिन्यांसाठी. पहिल्याच संध्याकाळी बाहेर लांबलचक कर्कश शिट्टी झाली. आई पलंगावरून उठून थेट स्वयंपाकघरात. "अरे, कुकर कुणी ठेवलाय? गॅस बंद करा!" कुकर नव्हता. रताळी भाजून विकणाऱ्याची भट्टीगाडी होती, तिची वाफ अशी शिट्टी मारते. रताळी म्हटल्यावर आईचा राग पळाला. एकादशीला तिने मला शिट्टीच्या मागे पिटाळलं. त्याने रताळ्यावर सवयीने गोड दाट दूध ओतलं आणि आईने ते उपासाला चालतं असा निर्णय जागच्या जागी दिला. (रताळी, शेंगदाणे, बटाटा, मिरची: आपला निम्मा उपास याच खंडांतून आलाय, हे मी तिला सांगितलं. "मग इथले लोक एकादशी का करत नाहीत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.)

रोज सकाळी एक रेकॉर्ड ऐकू येते, लहान मुलीचा किनरा आवाज: "से कोम्प्रान कोल्चोनेस, ताम्बोरेस, रेफ्रिहेरादोरेस..." म्हणजे गाद्या, फ्रिज असलं काहीबाही विकत घेतो. भंगारवाल्याने स्वतःच्या मुलीकडून म्हणून घेतलेली ही आरोळी आता शहरभर शेकडो गाड्या वाजवतात. मुलगी केव्हाच मोठी झाली, आरोळी मात्र शाळकरीच राहिली. आई दोन दिवस कान देऊन ऐकत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बघ, इथे तंबोरे विकत घेतात. आपल्याकडे माळ्यावर तुझ्या आत्याचा पडलाय." ताम्बोरेस म्हणजे गादीखालचा पलंगाचा सांगाडा, हे लेकीने सांगितलं तेव्हा आई खट्टू झाली.

घंटा तर मी शिकलो, पण वार राहिले. मंगळवार, गुरुवार, शनिवार ओला कचरा, एरवी सुका. पहिल्या मजल्यावरच्या सेन्योराबाई दारात उभ्या राहून माझी पिशवी नजरेने तपासतात आणि चुकलो की परत पाठवतात. मात्र पाठवताना "होवेन" म्हणतात, म्हणजे तरुण माणसा. सत्तेचाळिसाव्या वर्षी असं कुणी म्हटलं तर माणूस तीन मजले पुन्हा चढतो.

तर 19 सप्टेंबर, शुक्रवार. मी मीटिंगमध्ये, कान खिडकीकडे. एकाएकी रस्त्यावरच्या खांबांवरचे सगळे भोंगे एकदम किंचाळायला लागले: "अलेर्ता सीस्मिका!" किनाऱ्याकडे भूकंप झाला की धक्का इथे पोचायच्या आधी काही सेकंद मिळतात, तेवढ्यात बाहेर पडायचं असतं. 1985 चा मोठा भूकंप याच तारखेचा, 2017 चाही, 2022 चाही. म्हणून या दिवशी दरवर्षी सराव असतो. दारावर महिनाभर कागद लावला होता म्हणे. मी तो भाडेकरूंच्या मीटिंगचा समजलो होतो.

बायकोने पासपोर्टची पिशवी उचलली, लेकीने आजीचा हात धरला, आईने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात घेतला. मीही काहीतरी उचललं आणि धावलो. खाली अख्खी इमारत फुटपाथवर शिस्तीत उभी. सेन्योराबाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"ओय नो, होवेन," त्या हळूच म्हणाल्या. "आज सुका."