ऑर्डर घेतेस का?

परवा एका चित्राचा फोटो स्टेटसला टाकला. आमच्या गल्लीच्या टोकाला जुनं धाब्याचं घर आहे, त्याचं सागवानी दार. चौकटीवरची नक्षी काळ्या पेनाने उतरवायला मला तीन रविवार लागले. दहा मिनिटांत पाच मेसेज आले, त्यातले चार एकाच चालीचे. "मस्त गं! ऑर्डर घेतेस का?" पाचवा गॅसवाल्याचा होता.

मी पाचोऱ्याला एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. सहा दिवस दुसऱ्यांच्या पैशाच्या बेरजा. रविवारी दुपारी तीन ते पाच, पोरांच्या संपलेल्या वह्यांच्या उरलेल्या पानांवर चित्रं काढते. फार ग्रेट नसतात. माणसं काढली की बुजगावणी दिसतात, म्हणून दारं-खिडक्यांवरच भागवते. दारं तक्रार करत नाहीत.

विचारणाऱ्यांचा राग नाही. कौतुक करायला आपल्याकडे आता तेवढा एकच शब्द उरलाय. क्रोशाचा रुमाल विणा, केक जमू द्या, रांगोळी जरा उठून दिसू द्या, पुढचा प्रश्न ठरलेला. ज्यांना पैशाची गरज आहे त्यांनी खुशाल विकावं. माझी मावशी उन्हाळाभर पहाटे चारला उठून ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, करते आणि विकते, तिच्या हाताला तोड नाही. पण तो तिचा धंदा आहे, छंद नव्हे. धंद्याचा कंटाळा आला की ती काय करते? ओट्यावर बसून नातीच्या बाहुलीला लुगडी शिवते. त्या लुगड्यांची ऑर्डर तिला कोणी विचारत नाही, आणि ती शिवताना तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

माझी आई गोधड्या शिवायची. जुन्या लुगड्यांचे थर, वर दोऱ्याचे धावते टाके. एका गोधडीच्या मधोमध तिने हिरव्या खणाचा पोपट लावला. लाल चोच, डोळ्याच्या जागी टिकली. आजीने बघितलं आणि म्हणाली, "व माय, येवढं करीसन काय भेटस?" पोपटाने थंडी काही जास्त अडणार नव्हती, हे आजीचं बरोबरच होतं. आई हसली आणि चोचीचे टाके पक्के करत राहिली.

मला आत्ता कळतं की आईला गोधडी शिवायची परवानगी होती, कारण ते काम होतं. पोपट तिने कामाच्या आडून घुसवला. आपल्या बायकांची बहुतेक कला अशी चोरवाटेनेच आलीय. रांगोळी सणाची, कुरडयांची नक्षी वाळवणाची, ओव्या दळणाच्या. नुसतं बसून काहीतरी करतेय, असं म्हणायची सोयच नव्हती.

यावर हमखास ऐकवलं जातं, "बहिणाबाईंना कुठे वेळ होता? त्यांनी केलंच ना?" हे मला फार खुपतं. आसोद्याची ती बाई, लिहिता-वाचता येत नसताना, जात्यावर आणि शेतात गाणी रचत गेली. मुलाने, म्हणजे सोपानदेवांनी, ती कागदावर उतरवून घेतली म्हणून राहिली. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ साली. हे वाचून आपण म्हणायला हवं, की या बाईला रोज दोन तास निवांत मिळाले असते तर! आपण म्हणतो, बघा, वेळ लागतच नाही. जात्यावर बसलेल्या बाईचे हात गुंतलेले असतात, पण तोंड मोकळं असतं. तेवढी एकच फट होती, त्यातून एवढं निघालं.

आणि आमच्याच चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस होते. इंग्लंडहून शिकून आले आणि स्टेशनजवळच्या घरात स्वतःला जवळजवळ कोंडूनच घेतलं, १९८९ साली गेले तोवर. घरातल्या वस्तू टेबलावर मांडून ते असे देखावे उभे करत, की फोटोत खरेच वाटावेत. शिवाय चित्रं, शिल्पं, सतार. ते घर आता संग्रहालय आहे, बघून या. मी गेले तेव्हा थक्क झाले आणि थोडी जळलेसुद्धा. एका बाईने असं दार लावून घेतलं असतं तर आठव्या दिवशी भगत बोलावला असता.

आता माझी लबाडीही सांगते. जातं गेलं, मिक्सर आला, पीठ गिरणीतून येतं. वाचलेल्या वेळाचं मी काय केलं? मे महिन्यात पारा ४५ वर जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, अख्खं गाव दार लावून आडवं होतं. त्या दुपारी मी कित्येक वर्षं मोबाईलवर दुसऱ्यांचे हात बघण्यात घालवल्या. कोणी मातीची भांडी करतंय, कोणी भरतकाम. बघून बघून डोळे दुखायचे आणि हात रिकामेच. पेन हातात घेतलं त्यालाही आता दोनच वर्षं झालीत.

तर, ऑर्डर घेत नाही. दाराचं चित्र विकायचं नाही, भेट द्यायचं की नाही तेही ठरवलेलं नाही. सध्या ते फ्रीजच्या दारावर लावलंय. चौकटीची डावी बाजू थोडी कलली आहे, हे मला माहीत आहे. मेहुण्यांनी काल सांगितलंच. आणि रविवारी तीन ते पाच फोन करू नका. पतसंस्थेच्या हप्त्याचं विचारायचं असेल तर सोमवारी अकरानंतर.