हॉर्नचे ‘अकरा अर्थ’ मुलांना पाठ करायला देऊ नका

गेल्या महिन्यात लोणंद आणि सालपे यांच्या मधल्या एका फाटकावर मी थांबलो होतो. फाटक बंद, मोटारसायकलवर मागे दहा वर्षांचा भाचा. लांबून हॉर्न आला, लांबलचक आणि सलग. भाचा म्हणाला, “मामा, हा फाटकाचा हॉर्न नाही. सलग वाजला म्हणजे गाडी पुढच्या स्टेशनवर थांबणार नाही, एवढंच. फाटकाचा असता तर दोनदा थांबून थांबून वाजला असता.” एवढं बोलून तो गाडीवरून उतरला आणि फाटकाच्या दांड्याखालून वाकायला लागला, कारण पलीकडे त्याला कैऱ्या लगडलेलं झाड दिसलं होतं. मी कॉलर धरून त्याला मागे ओढलं. पुढच्या काही सेकंदांत गाडी समोरून निघून गेली.

घरी आल्यावर विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? त्याने आजोबांचा, म्हणजे आमच्या अण्णांचा, मोबाइल पुढे केला. ‘जुन्या डिझेल इंजिनाची भाषा : ९९ टक्के लोकांना माहीत नाही’ असा तो मेसेज. आधी जुन्या अल्को जातीच्या डिझेल इंजिनांचं गुणगान आहे: काळा धूर म्हणजे ताकद, सुरू करायलाच ५० लिटर डिझेल लागायचं म्हणून ते कधी बंद करत नसत, इंजिनांची देखभाल करणारं प्रत्येक शेड आपले हॉर्न सुरात लावून द्यायचं, इंजिन शंभर टक्के स्वदेशी होतं आणि आता सगळी भंगारात गेली. मग हॉर्नच्या अकरा प्रकारांची यादी. शेवटी ‘मुलांना अवश्य पाठ करून घ्या’. अण्णांनी नातवाकडून खरंच पाठ करून घेतलं होतं. त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून तर माझा संताप या मेसेजवर आहे.

एक आधीच सांगतो. मी या इंजिनांचा वेडा आहे. पुणे-मिरज मार्गावर डिझेलचं राज्य होतं तेव्हा शिंदवणे घाट चढणाऱ्या अल्कोचा आवाज ऐकायला मी सुट्टीच्या दिवशी पहाटे घराबाहेर पडायचो. म्हणून हे लिहितोय.

यादीपासून सुरुवात करतो, कारण जिवाशी गाठ तिथे आहे. ताडून पाहायला फार शोधावं लागत नाही. भारतीय रेल्वेच्या सामान्य नियमांत ४.५० क्रमांकाचा नियम इंजिनाच्या शिट्टीबद्दल, म्हणजे हॉर्नबद्दलच, आहे, आणि त्याला जोडून असलेल्या सहायक नियमांत शिट्ट्यांची संहिता आहे. लोको पायलट, म्हणजे इंजिनचालक, तीच शिकतात. मेसेज तिच्याशेजारी ठेवून वाचला की तो कसा तयार झाला असेल ते लक्षात येतं: खऱ्या संहितेतल्या काही ओळी उचलल्या, अर्थ वाकवले, उरलेल्या जागा भरून काढल्या.

सगळ्यात घातक ओळ भाच्याने म्हणून दाखवली तीच. मेसेज म्हणतो, सलग लांब हॉर्न प्रवाशांना सांगण्यासाठी की गाडी इथे थांबणार नाही, आणि फाटकासाठी दोनदा थांबून हॉर्न. संहितेत लांब, सलग शिट्टी ही फाटक किंवा बोगदा जवळ येताना द्यायची शिट्टी आहे. स्टेशनातून न थांबता जातानाही तीच देतात, तेवढा भाग खरा. पण फाटकाला त्यातून वगळून त्याच्यासाठी वेगळाच हॉर्न ठरवायचा, म्हणजे फाटकावर उभ्या असलेल्या माणसाला त्याच्यासाठीच वाजलेला इशारा ‘हा तुझ्यासाठी नाही’ असं सांगायचं. रुळांच्या कडेला ‘सी/फा’ लिहिलेला पिवळा फलक असतो, म्हणजे सीटी, फाटक. तो फलक आला की शिट्टी द्यायचीच. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला तीस मीटर पुढे येते. दुसरा हॉर्न वाजतो का याची वाट पाहणाऱ्याला वाचायला किती वेळ उरतो, हे ज्याने ही ओळ लिहिली त्याने एकदा स्वतः मोजावं.

हॉर्नवरून फाटक ओलांडायचं की नाही हे ठरवायचंच नसतं, हा मुद्दा वेगळा आणि अधिक मोठा. वारा उलटा असेल, मध्ये टेकडीचा कट असेल, तर हॉर्न ऐकू येतही नाही. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटकं २०१९ च्या सुरुवातीपर्यंत काढून टाकली, ती तिथे झालेल्या अपघातांमुळेच. आता जिथे फाटक आहे तिथे गेटमन आणि दांडा आहे. दांडा खाली आहे म्हणजे थांबायचं. पोराला शिकवायचं असेल तर एवढंच शिकवा.

दुसरी ओळ जितकी हास्यास्पद तितकीच लोकांना आवडणारी: ‘दोन लांब, दोन आखूड म्हणजे मोटरमन गार्डला इंजिनाचा ताबा घ्यायला सांगतो.’ अहो, गार्ड कुठे असतो? शेवटच्या डब्यात. चोवीस डब्यांच्या गाडीत तो इंजिनापासून अर्धा किलोमीटर मागे असतो. धावत्या गाडीत तो पुढे येणार कसा? त्याला इंजिन चालवण्याचं प्रशिक्षण नसतं. लोको पायलटला काही झालं तर शेजारी सहायक लोको पायलट असतो, त्यासाठीच त्याची नेमणूक. संहितेत या शिट्टीचा अर्थ आहे ‘गार्डने इंजिनापाशी यावं’. गाडी उभी असते, काही तरी बोलायचं किंवा दाखवायचं असतं, म्हणून बोलावणं. ‘यावं’चं ‘ताबा घ्यावा’ झालं. आणि मुळात मोटरमन हा शब्द मुंबईसारख्या शहरांतल्या लोकल चालवणाऱ्यांसाठी आहे. डिझेल इंजिनात मोटरमन कधीच नव्हता. ज्याला हे माहीत नाही तो डिझेल इंजिनाची भाषा शिकवायला बसलाय. (गार्डला २०२२ पासून अधिकृतपणे ट्रेन मॅनेजर म्हणतात. तोंडात अजून गार्डच येतं, माझ्याही.)

‘दोन लांब, एक आखूड म्हणजे गाडी रूळ बदलणार.’ गाडी कोणत्या रुळावर जाणार हे लोको पायलट ठरवत नाही. स्टेशनवरून सांधे लावले जातात, सिग्नल दिला जातो, तो पाहून तो चालवतो. त्याने ते कुणाला जाहीर करायचं?

‘एक लांब, एक आखूड’ याचा अर्थ मेसेजमध्ये ‘इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक पाइप लावा’. खरा अर्थ जवळजवळ उलटा: गार्डने ब्रेक सोडावेत, गाडी निघते आहे.

आता मनाविरुद्ध कबूल करायचं ते. दोन आखूड म्हणजे गार्डकडून सिग्नल मागणं, हे बरोबर. चार आखूड म्हणजे बिघाड, अपघात किंवा अडथळ्यामुळे गाडी पुढे जाऊ शकत नाही, हेही बरोबर. दोन आखूड आणि एक लांब म्हणजे साखळी ओढली गेली, बरोबर. तीन आखूड म्हणजे गार्डने ब्रेक लावावेत, गाडी आवरत नाही, हेही संहितेत आहे. घाटात, विशेषतः जुन्या व्हॅक्यूम ब्रेकच्या काळात, या तीन शिट्ट्यांना फार मोल होतं. पण या सगळ्या शिट्ट्या रेल्वेची माणसं आपसात बोलण्यासाठी देतात. डब्यात बसलेल्याने तीन हॉर्न मोजून ‘ब्रेक गेले’ म्हणत दाराकडे धावायचं, यासाठी त्या नाहीत. मोजताना एखादा हॉर्न चुकला तर काय होईल?

उरलेलं थोडक्यात. ५० लिटरची गोष्ट मी लहानपणी स्वतःही खरी मानली होती. अल्को इंजिन सुरू व्हायचं ते ७२ व्होल्टच्या बॅटरीवर. बॅटरी जनरेटरलाच मोटरसारखं फिरवायची आणि तो इंजिनाला गती द्यायचा. त्यात एवढं डिझेल जाईल कुठे? इंजिन बंद करत नसत हे खरं, पण कारण दुसरं. ब्रेकसाठी लागणारी हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. इंजिन थांबलं की गळतीने दाब उतरत जातो, तो परत भरेपर्यंत गाडी हलत नाही. बॅटरी दमलेली असली तर इंजिन पुन्हा सुरूच न होण्याची भीती वेगळी. म्हणजे डिझेल वाचवायला इंजिन चालू ठेवत, हे साफ उलट आहे. उभं राहून गुरगुरणारं इंजिन डिझेल जाळतच असतं.

काळ्या धुराबद्दल मात्र थोडं थांबतो, कारण आमच्यातलेच अनेक जण त्या धुराचे फोटो लावतात. मीही काढलेत. अल्कोचा टर्बोचार्जर, म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणारा पंखा, बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे ताकदीचा टप्पा, वाढवला की डिझेल लगेच जास्त येतं, पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ सिलिंडरमध्ये डिझेल जास्त आणि हवा कमी. न जळलेला कार्बन बाहेर पडतो, तो हा काळा लोट. टर्बोने वेग पकडला की धूर विरळ होतो, आणि खरी ताकद तेव्हा लागलेली असते. नंतर आलेल्या ईएमडी या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या इंजिनांत टर्बो सुरुवातीला गिअरने फिरवला जातो, म्हणून त्यांचा धूर कमी. दिसायला तो लोट भव्य असतो, मान्य. पण ती ताकद नव्हे, वाया गेलेलं डिझेल आहे, आणि ते शेडमधल्या माणसांच्या छातीत जातं.

शंभर टक्के स्वदेशी? डब्ल्यूडीएम-२ या आपल्याकडच्या मुख्य अल्को इंजिनाचा आराखडा अमेरिकेतल्या अल्को कंपनीचा. पहिली इंजिनं १९६२ मध्ये तिकडूनच आली, आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागली. अल्को १९६९ मध्ये बंद पडली. आपल्याकडे मात्र २,६०० अश्वशक्तीचं तेच इंजिन सुधारत सुधारत ३,१०० आणि ३,३०० पर्यंत नेलं. एकट्या डब्ल्यूडीएम-२ ची संख्या अडीच हजारांच्या वर गेली. मूळ कंपनी संपल्यावर तिचं इंजिन इतकी वर्षं जिवंत ठेवणाऱ्या कारागिरांचं कौतुक करायचं सोडून खोटा जन्मदाखला कशाला लावायचा? आणि सगळी भंगारातही गेलेली नाहीत. त्याच घराण्यातल्या डब्ल्यूडीएम-३डी जातीची १० इंजिनं २०२० मध्ये आणि २० इंजिनं २०२३ मध्ये बांगलादेशला दिली. इथे शंटिंगला (यार्डात डबे हलवायला), अपघात मदत गाड्यांना अजून अल्को दिसतात. कमी होताहेत, हे खरं.

राहिला सुरांचा मुद्दा. इथे मला मेसेजवाल्याचा राग कमी येतो, कारण त्याने कुठे तरी खरं काही ऐकलंय. इंजिनाच्या हॉर्नमध्ये दाबाची हवा पातळ पडद्याला थरथरवते, आणि कर्ण्याची लांबी सूर ठरवते. आपल्याकडे जाड आणि बारीक अशा दोन कर्ण्यांची जोडी सर्रास असते. मुद्दाम स्वरमेळ जुळवलेले हॉर्न ही उत्तर अमेरिकेतली गोष्ट. तिथे डिझेल इंजिनं आली तेव्हा त्यांचे एकसुरी हॉर्न लोकांना ट्रकसारखे वाटत, फाटकावर गोंधळ व्हायचा. मग कॅनडातल्या रॉबर्ट स्वॉन्सन यांनी वाफेच्या इंजिनाच्या शिट्टीसारखा अनेक स्वरांचा हॉर्न तयार केला. आपल्या शेडमध्ये तसं सुरात लावायला कुणी बसत नव्हतं. तरी आम्ही डोळे मिटून इंजिन ओळखायचो, हे खरं आहे. कारण पडदा झिजतो, कर्ण्यात कचरा बसतो, दाब कमीजास्त असतो, एक कर्णा बंद पडून दुसराच वाजत राहतो. शिवाय ड्रायव्हरचा हात. कुणी एकदम दाबतो, कुणी हळूहळू हवा सोडतो, तेव्हा आवाज खालून वर चढत येतो. जेजुरीच्या पुढे वळणावर चढत येणारा तसा एक हॉर्न मला अजून ऐकू येतो. तो कुणी लावून दिलेला सूर नव्हता. वीस-पंचवीस वर्षं राबलेल्या धातूचा आणि एका माणसाच्या मनगटाचा आवाज होता तो, आणि मला तेवढ्यासाठीच प्रिय आहे.

अण्णांना हे सगळं सांगितलं. त्यांना पटायला दोन दिवस लागले. “इतक्या लोकांनी पाठवलं ते खोटं कसं असेल?” हे त्यांचं म्हणणं. मग मी दोघांना घेऊन मिरजेला गेलो. यार्डाच्या बाजूला एक जुनं अल्को शंटिंगला उभं होतं, तेच ओळखीचं धडधडणं. मेसेजमधली पहिली ओळ होती: ‘एक आखूड हॉर्न म्हणजे गाडी धुवायला यार्डात चालली.’ संहितेत एक आखूड शिट्टीच्या अर्थांपैकी एक आहे, शंटिंगचं इंजिन आता हलणार. आम्ही प्लॅटफॉर्मच्या कडेपासून लांब, बाकावर बसलो. दहा मिनिटांनी त्या इंजिनाने एक आखूड हॉर्न दिला, आणि रिकाम्या डब्यांच्या दिशेने सरकलं. भाच्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी खिशातून मोबाइल काढला, तो मेसेज शोधला आणि पुसला.